गुरुवारी कंपनीच्या गेटवर चार स्कूटर

सहल ठरली ती एका पानामुळे. लोकांच्या ब्लॉगवर वाचते मी, कुणाला डोंगर बोलावतो, कुणाला समुद्र साद घालतो. आम्हा चौघींना बोलावलं ते क्षीरसागर मॅडमच्या झेरॉक्स काढलेल्या पान नंबर चौदानं.

आधी ओळखी करून देते, म्हणजे पुढे घोळ नको. क्षीरसागर मॅडम आमच्या दिघीतल्या निवृत्त शिक्षिका. वय अडुसष्ट, आवाज अजून शाळेच्या मैदानावरचा. त्यांच्या हॉलमध्ये दर सोमवारी आणि बुधवारी संध्याकाळी बायकांचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरतो. वर्ग म्हणजे मोजून आम्ही तिघी. रेशमा मूळची कणकवलीची, दिघीत पोळी-भाजी केंद्र चालवते. हिंजवडीतल्या पोरापोरींच्या डब्याच्या ऑर्डरी आता इंग्रजीत येतात, म्हणून ती येते. संगीताताई माहेरच्या माणच्या. त्यांची सून इंग्रजी शाळेत शिकवते आणि सात वर्षांचा नातू आजीशी इंग्रजीत भांडतो. भांडणात हरायची त्यांना सवय नाही, म्हणून त्या येतात. आणि मी वैशाली. माहेर-सासर दोन्ही अंबाजोगाईकडचं, एकोणीस वर्षं दिघीत आणि चौदा वर्षं चाकणच्या एका कंपनीत. गाड्यांच्या आत वायरींच्या ज्या जाडजूड जुड्या असतात ना, त्या आम्ही बायका बांधतो.

तर पान नंबर चौदा. त्यावर पाच शब्द होते: लीड, फॉलो, कीप अप, फॉल बिहाइंड, कॅच अप. पुढे राहून नेणं, मागोमाग जाणं, बरोबरीनं चालणं, मागे पडणं आणि गाठणं. अर्थ आम्हाला झोपेतून उठवून विचारा, तोंडपाठ. पण वाक्य करून बोला म्हटलं की तिघींच्या जिभा टाळूला चिकटायच्या. तीन आठवडे आम्ही त्या पानावर मुक्काम ठोकून होतो.

आता खरं दुखणं सांगते. शनिवारी आमच्या कंपनीत परदेशी पाहुणे येणार होते, सातजण. जिला लाइन लीडर, म्हणजे जुड्या बांधणाऱ्या एका रांगेची प्रमुख, व्हायचंय तिनं त्यांना दहा मिनिटं आपली लाइन फिरवून दाखवायची, इंग्रजीतून. शुक्रवारी सकाळी हो की नाही ते सांगायचं. याआधी मी दोनदा नाही म्हणून बसलेय. तिसऱ्यांदा नाही म्हटलं तर नाव यादीतून निघणार, हे मॅनेजर साहेबांनी अगदी चांगल्या शब्दांत सांगितलं होतं. जिला वायर हातात कशी धरायची ते मी शिकवलं, ती पूजा आज माझी लीडर आहे. गोड पोरगी आहे, पण तिच्याकडे रजा मागायला जायचं मी शेवटच्या दिवसापर्यंत ढकलते. मला लीडरची जागा हवी होती. अगदी निर्लज्जपणे हवी होती. आणि हो म्हणायची छाती होत नव्हती.

बुधवारी वर्गात मी हे सांगता सांगता रडले, तेव्हा मॅडमनी पान चौदा टेबलावर आपटलं. "ही बसून शिकायची क्रियापदंच नाहीत. ही चालायची क्रियापदं आहेत. उद्या गुरुवार, तुझी सुट्टी. रेशमा, केंद्र बंद ठेव. संगीता, तुला कोण अडवतंय? सात वाजता स्कूटर काढा."

दिघी ते आळंदी

मार्ग ज्यांना करायचाय त्यांच्यासाठी लिहून ठेवते: दिघी, आळंदी, चाकण, तळेगाव, सोमाटणे फाटा, चांदखेड, कासारसाई धरण, माण, हिंजवडी, वाकड, भोसरी आणि परत दिघी. म्हणजे पिंपरी-चिंचवडला घातलेली प्रदक्षिणाच. शंभराच्या आसपास किलोमीटर होतात. पेट्रोलला माझे दोनशे रुपये पुरले आणि टाकीत थोडं उरलंसुद्धा. दिवाळीनंतरचे दिवस निवडा. सकाळी गारवा असतो आणि भाताची काढणी चाललेली असते, त्यामुळे अख्खा मावळ ताज्या पेंढ्यासारखा दरवळतो.

मॅडमनी नियम केले. भोसरीतून आणलेलं चमकत्या पट्ट्यांचं केशरी जाकीट जिच्या अंगात, ती लीड. बाकीच्यांनी एकामागून एक फॉलो करायचं, ओव्हरटेक नाही. प्रत्येक थांब्यावर आपण काय केलं ते एका इंग्रजी वाक्यात सांगायचं. वाक्य नाही तर चहा नाही. मॅडमची स्वतःची स्कूटर बॅटरीवरची, मुलानं घेऊन दिलेली. पळते झकास, पण पंचेचाळीसच्या पुढे काटा जात नाही आणि आवाज शून्य. त्यामुळे त्या मागे असल्या की आहेत की नाहीत ते कळत नाही.

पहिला टप्पा मॅडमनी लीड केला. मॅगझीन चौकातून आळंदी रस्त्याला लागलो आणि मला हसूच फुटलं. रोज याच रस्त्यानं मी साडेपाचला डोक्यात शिफ्ट घेऊन जाते, आज डोक्यात काही नाही आणि पुढे मॅडमचा आंबाडा हेल्मेटखालून डोकावतोय. आळंदीत टपरीवर चहा घेतला. संगीताताईंनी वाक्य ठोकून दिलं, "मॅडम लीड, आय फॉलो, टी प्लीज." मॅडमनी त्यांना दोन कप दिले.

"आता लीड वैशाली," मॅडम जाकीट माझ्यापुढे धरून म्हणाल्या. "चाकणचा रस्ता तुझ्या पायाखालचा आहे."

"मॅडम, मी मागंच बरी हाय. मागं राहिलं की कुणाला काही विचारायचं न्हाई, सांगायचं न्हाई."

"म्हणूनच," असं म्हणून त्यांनी जाकिटाची चेन माझ्या गळ्यापर्यंत ओढली.

चाकण, आणि जे व्हायचं ते

आळंदी फाट्यावरून चाकणच्या दिशेला वळलो, तिथून तळेगाव रस्ता धरला. कंटेनरांची रांग रोजच्यासारखी होतीच, पण स्कूटरला फट पुरते. आरशात बघितलं की तिघी मागे. मी डावीकडे घेतलं की तिघी डावीकडे. मी हात दाखवला की तीन हात दिसायचे. काय सांगू, मला असं काही चढलं! चौदा वर्षांत माझ्यामागे कधी कुणी आलं नव्हतं. मी गुणगुणायला लागले. महाळुंग्याच्या पुढे माझ्या हातांनी इंडिकेटर दिला, हात डावीकडे वळले, दोन गतिरोधक गेले, पत्र्याची शेड आली, मी माझ्या नेहमीच्या जागी स्कूटर लावली, स्टँडवर घेतली, हेल्मेट काढलं आणि पिशवीत हात घालून ओळखपत्र शोधायला लागले.

मागे एकेक करून तीन स्कूटर लागल्या, एका रेषेत. मॅडमनी आरशात बघून आंबाडा सारखा केला. समोर तपासणीचं टेबल दिसल्याबरोबर संगीताताईंनी शहाण्यासारखी आपली पिशवी उघडून टेबलावर ठेवली.

गेटवरचे बबनकाका आधी माझ्याकडे, मग माझ्यामागच्या रांगेकडे आणि मग संगीताताईंच्या पिशवीतल्या लाडवांकडे बघत राहिले.

"ताई," ते हलकेच म्हणाले, "आज गुरुवार हाय."

मी लोकांना सहलीला घेऊन निघाले होते आणि आणलं होतं फर्स्ट शिफ्टला. सुट्टीच्या दिवशी! लाजेनं मला जमीन दुभंगून पोटात घ्यावी असं झालं, आणि त्याच वेळी पोटातून हसू असं उसळलं की मी स्कूटरच्या सीटवर डोकं टेकून खिदळले. बबनकाका तोंडावर टोपी धरून हसत होते. मॅडमना तर उचकी लागली.

"वैशाली, आपण इथे का आलोय?" उचकी थांबल्यावर मॅडमनी विचारलं.

"मला काय म्हाईत मॅडम, हात वळले."

"आणि तुम्ही दोघी? कासारसाई धरणाला कंपनीच्या गेटातून जातात? एकीनं तरी हॉर्न वाजवायचा!"

"माका वाटला, नाश्ता हयच आसतलो," रेशमा म्हणाली. "म्हटला, कंपनीचा कँटीन आसा."

"म्या तर हिचं जाकीट बघत व्हते," संगीताताई म्हणाल्या. "रस्ता कोन बघतंय? रस्ता बघायचा आसता तर म्या फुडं नसते का ऱ्हायले?"

ते ऐकून माझं हसू एकदम उतरलं. इतका वेळ मला वाटत होतं, पुढे असणाऱ्याला सगळे नीट पारखून घेत असतात, चुकली की धरायला टपलेले असतात. इकडे तर कुणी रस्ताच बघत नव्हतं! तिघींनी आपला जीव माझ्या जाकिटाला बांधून टाकला होता. याची मला इंग्रजी शब्दांपेक्षा जास्त धडकी भरली.

मॅडम काही संधी सोडणाऱ्या नाहीत. "आणलंच आहेस तर कंपनी दाखव. बाहेरूनच. इंग्रजीत."

तेवढ्यात बबनकाकांनी टोपी घातली, छाती काढली आणि खणखणीत सुरू केलं, "वेलकम टू अवर प्लँट! प्लीज वेअर युवर सेफ्टी शूज! मोबाइल नॉट अलाउड! काइंडली फॉलो मी!"

आम्ही चौघी आ वासून बघत राहिलो. काका महाळुंग्याचे, सातवी शिकलेले.

"समदे साहेब लोक पाव्हण्यांना हितंच उभं करून बोलत्यात," काका म्हणाले. "आयकून आयकून पाठ झालं. पर मंग ते आत जात्यात. त्याच्या फुडचं मला न्हाई येत."

"पुढचं मला येतं," मी म्हटलं. आणि म्हटल्यावर मलाच आश्चर्य वाटलं, कारण खरंच येत होतं. मी गेटसमोरच्या धुळीत चपलेनं एक लांब रेघ ओढली. दिस इज लाइन. हिअर कटिंग, हिअर क्रिम्पिंग (वायरीच्या टोकाला पिन दाबून बसवतात ते), देन असेंब्ली बोर्ड. लाइन इज मूव्हिंग, नो वेटिंग. इफ वन लेडी फॉल बिहाइंड, रेड लाइट. देन लीडर कम, हेल्प, लेडी कॅच अप, ग्रीन लाइट. पान चौदातले दोन शब्द मी वापरून मोकळी झाले होते. मॅडमनी माझा दंड घट्ट धरला.

बबनकाका रेघेकडे बघून विचारात पडले. "म्हंजी लीडर मागं ऱ्हायलेलीपाशी जातो व्हय? मंग फुडं कोन आसतं?"

"पुढं लाइन असते काका. ती आपली आपण चालती."

काकांना दोन लाडू मिळाले आणि आम्ही निघालो. पण खोटं कशाला सांगू, माझी भीती काही गेली नव्हती. तीन मैत्रिणी आणि एक बबनकाका यांच्यापुढे चपलेनं रेघ ओढणं वेगळं. सात गोऱ्या साहेबांपुढे उभं राहणं वेगळं. मॅडमनी "मग, उद्या हो म्हणणार ना?" असं विचारलं तेव्हा मी हेल्मेट घातलेलं असल्याचा फायदा घेऊन ऐकू न आल्यासारखं केलं.

तळेगाव ते कासारसाई

तळेगावात मिसळ खाल्ली, झणझणीत होती. चौघींचं साडेतीनशेत भागलं, पाव हवे तेवढे. तिथून जाकीट रेशमाकडे गेलं आणि आमची सहल संपून शर्यत सुरू झाली. ही बाई रोज दुपारी साठ डबे वेळेत पोचवते, तिला हळू जाता येतच नाही. सोमाटणे फाट्यावरून आत वळलो तशी ती दिसेनाशी झाली. संगीताताई तिच्यामागे, मी त्यांच्यामागे जीव तोडून, आणि मॅडम पंचेचाळीसवर शांतपणे. चांदखेडच्या अलीकडे मी आरशात बघितलं तर रस्ता मोकळा. मॅडम नाहीत!

मी वळून परत गेले. दीड किलोमीटर मागे मॅडम रस्त्याकडेला स्कूटर लावून एका शेतकरी बाईशी गप्पा मारत उभ्या होत्या, हातात शेंगांचा वेल.

"मॅडम, तुम्ही फॉल बिहाइंड झालात!"

"मी कुठे मागे पडले? तुम्हीच पुढे पळालात," त्या शेंगा सोलत म्हणाल्या. "मागे राहिल्याशिवाय या शेंगा मिळाल्या असत्या का? आता चल, कॅच अप करू. तू पुढे हो, पण आरशात बघत."

पुढचे चार किलोमीटर मी आरसा जास्त आणि रस्ता कमी बघितला. तुम्ही असं करू नका, म्हशीला धडकता धडकता वाचले.

कासारसाईचं पाणी निळंशार होतं. काठावर कणसंवाले, चहावाले आहेत, पण सावली कमी, टोप्या न्या. रेशमा तिथे पोचून आमची वाट बघत कंटाळून घावन-चटणीचा डबा उघडून बसली होती. मॅडमनी तिला बरंच सुनावलं, इंग्रजीत, आणि गंमत म्हणजे आम्हाला सगळं कळलं. रेशमानं मान खाली घालून वाक्य केलं, "आय लीड, नोबडी फॉलो. सो आय अ‍ॅम ओन्ली गोइंग." त्यावर मॅडमनी तिला शाबासकी दिली आणि तिच्या डब्यातला शेवटचा घावन खाल्ला. पाण्यात पाय सोडून आम्ही तासभर बसलो. संगीताताईंनी पाण्यावर भाकऱ्या मारल्या, म्हणजे चपटे दगड हो. त्यातला एक दगड सहा टप्पे गेला, आणि पंचावन्न वर्षांची ती बाई दोन्ही हात वर करून काठावर नाचली.

माण

माणमध्ये संगीताताईंचे भाऊ दत्ताभाऊ राहतात. एकीकडे तीस-तीस मजली काचेच्या इमारती आणि त्यांच्या पायाशी भाताच्या पेंढ्या रचलेल्या. घरात नव्या इंद्रायणीचा मऊ भात, वरून तूप, वालाची आमटी. जेवून उठवत नव्हतं. मॅडमची स्कूटर गोठ्यात लावली, कडबा कापायच्या मशिनच्या बोर्डवर चार्जिंगला. गाय तिच्याकडे संशयानं बघत होती. बॅटरीची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, हक्काचं माहेर वाटेत असेल तर दोन तासांत काम होतं.

साडेचारला निघालो आणि हिंजवडीच्या प्रसिद्ध ट्रॅफिकमध्ये जाऊन अडकलो. कंपन्यांच्या कॅब, बस, गाड्या, सगळं गोठलेलं. जाकीट संगीताताईंच्या अंगात, मग रेशमा, मग मॅडम आणि शेवटी मी. वीस मिनिटांत वीस फूट. संगीताताईंचा जीव वरखाली व्हायला लागला.

"आरं ह्यो माजा गाव हाय!" त्या मागे वळून ओरडल्या. "ह्या लोकास्नी काय ठावं? चला माज्या मागनं. वड्याच्या कडंनं बैलगाडीची वाट हाय, थेट फुडच्या चौकात निगती."

त्यांनी केशरी जाकिटातला हात उंच केला आणि एका कच्च्या वाटेला स्कूटर घातली. आम्ही मागोमाग. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, वाट एका गाडीपुरती. ऊन तिरपं, वारा गार, मागे राहिलेल्या गाड्यांचे हॉर्न बारीक होत चाललेले. आम्ही चौघी अक्षरशः ओरडत होतो आनंदानं. मग मला आरशात एक पांढरी कॅब दिसली. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे तिसरी.

सांगायचं म्हणजे, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेली बाई हात वर करून गाड्या वळवतेय, हे बघून त्यांना वाटलं ही वाहतुकीची माणसं. एक वळला म्हणून दुसरा वळला, दुसरा वळला म्हणून तिसरा. मी मोजल्या, अकरा गाड्या होत्या. आणि तेवढ्यात पुढून संगीताताईंचा आवाज आला, "आगं बया!"

वाट संपली होती. समोर कुठल्याशा नव्या प्रकल्पाची दहा फुटी भिंत.

"हितं वाट व्हती," संगीताताई भिंतीला हात लावून म्हणाल्या. "आईच्यान व्हती. ह्याच वाटनं शाळंत जायाची मी." त्यांचा चेहरा इतका पडला की मला हसू आलं नाही. मी सकाळी माझ्या शिफ्टच्या वाटेनं गेले होते, त्या त्यांच्या लहानपणाच्या.

पहिल्या कॅबवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "ओ ट्रॅफिकवाल्या ताई, आता काय भिंतीतून जायचं का राव?"

"तुला कुनी बोलिवलं रं?" संगीताताई लगेच भानावर आल्या. "म्या माज्या मैतरनींला बोलिवलं व्हतं!"

वळायला जागा नाही. म्हणजे सगळ्यात मागची गाडी आधी उलटी निघायला हवी, मग तिच्या पुढची, मग तिच्या पुढची. चौघींत मागची मी, म्हणून शेपटाकडे पळायचं काम माझ्यावर आलं. खाचराच्या बांधावरून धावत मी अकराव्या गाडीपाशी पोचले. आत एक तरुण मुलगी एकटीच, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, डोळे भरलेले. मी मराठीत सांगितलं, मग हिंदीत. तिनं मान हलवली. महिन्यापूर्वी चेन्नईहून आलेली, गाडी नवीन, दोन्ही बाजूंना चार फूट खोल खाचरं, आणि तिला उलटी गाडी चालवायची भीती वाटत होती. हे तिनं मला इंग्रजीत सांगितलं आणि मला सगळं कळलं, कारण भ्यालेल्या बाईचं इंग्रजी सोपं असतं.

तिच्यापुढच्या दहा गाड्या हॉर्न वाजवत होत्या. बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

"मॅडम," मी तिच्या खिडकीवर हात ठेवला, "नो रोड. वॉल."

"पण तुम्ही लोक लीड करत होतात ना!" ती इंग्रजीत म्हणाली.

"यस. संगीताताई लीड. बट दॅट रोड इज फ्रॉम हर चाइल्डहुड. नाउ नो रोड. नाउ यू आर फर्स्ट. यू लीड, ऑल कार्स फॉलो यू."

"आय कान्ट."

"यू कॅन. डोन्ट लुक बिहाइंड. लुक ओन्ली माय हँड इन मिरर. आय अ‍ॅम गोइंग बिहाइंड यू. आय सी रोड, यू सी मी. स्लो, स्लो. इफ आय स्टॉप, यू स्टॉप."

मी गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले आणि हात वर केला. दोन मिनिटं काहीच हललं नाही. मग गाडी हात-दीड हात मागे सरकली. मी उलट्या पावलांनी चालत होते, डाव्या हातानं तिला खुणावत, आणि तोंडानं मोठ्यांदा ओरडत: लेफ्ट, लिटल लेफ्ट, गुड, स्टॉप, नाउ कम, कम, व्हेरी गुड, कम! एका जागी तिचं चाक बांधावरून घसरायला आलं. मी दोन्ही हात आडवे केले आणि ती तिथल्या तिथे थांबली. माझ्या हातावर तिचा केवढा विश्वास! मी तोंड थांबवलं नाही. दीडशे पावलं असतील. डांबरी रस्त्याला तिची मागची चाकं लागली तेव्हा मी घामानं निथळले होते.

मग बाकीच्या दहा एकेक करून आल्या. रेशमा मधल्या वळणावर उभी राहून खुणा करत होती, मॅडम शाळेतल्या रांगा लावाव्यात तशा ड्रायव्हरांना दटावत होत्या. पाऊण तास गेला. शेवटी पहिला कॅबवाला बाहेर पडताना म्हणाला, "ताई, तुमच्या त्या लीडर बाईंना सांगा, गूगल मॅप बरा!"

चेन्नईची मुलगी पुढे जाऊन थांबली होती. काच खाली करून तिनं माझा हात धरला. थँक्यू म्हणाली, दोन-तीनदा म्हणाली. मग विचारलं, तुम्ही ट्रॅफिक पोलीस आहात का?

"नो," मी म्हटलं. "आय अ‍ॅम लाइन लीडर."

ती निघून गेली आणि मी रस्त्याच्या कडेला उभी. आपण काय बोललो ते कळायला मला जरा वेळ लागला. मॅडम माझ्या मागेच उभ्या होत्या. बॅटरीच्या गाडीसारख्याच, आवाज न करता.

"पान चौदातलं क्रियापद नव्हतं त्यात," त्या म्हणाल्या. "पण चालेल."

घरी

साडेसातला दिघीत पोचलो. वाकडच्या पुलावर चहा, दहा रुपये कप, आणि भोसरीत संगीताताईंच्या हट्टानं कुल्फी. त्यांनी जाकीट उतरवून घडी घातली. मॅडमच्या फाटकाशी ते परत देताना म्हणाल्या, "नातवाला सांगते, आज अकरा गाड्या फॉलो मी." आणि पुन्हा आम्ही चौघी फाटकाला धरून हसलो, शेजारची खिडकी उघडेपर्यंत.

तुम्ही ही सहल करणार असाल तर धरण सुंदर आहे, भात फारच सुंदर, मिसळ बरी. पण मला विचाराल तर माझ्याकडे उरलंय ते दुसरंच काहीतरी. पुढे असलं की मान ताठ होते आणि भीतीही वाटते, दोन्ही एकदम. मला वाटायचं ती फक्त मलाच वाटते. मागे असणाऱ्याला शेंगा मिळतात. आणि गाड्या उलट्या निघायच्या झाल्या तर शेवटची पहिली होते, तिला कुणी विचारत नाही तुझी तयारी झाली का म्हणून.

हे मी आज, शुक्रवारी संध्याकाळी लिहितेय. पाहुणे उद्या येणार आहेत. उद्या कसं होईल ते मला ठाऊक नाही. क्रिम्पिंगच्या पुढे जाऊन माझी दातखीळ बसेल, असंही होऊ शकतं.

पण सकाळचं सांगते. पहाटे स्कूटर काढली. मॅनेजर साहेबांना काय सांगायचं ते आळंदीपर्यंत ठरलं नव्हतं, चाकणपर्यंतही ठरलं नव्हतं. महाळुंग्याच्या पुढे नेहमीच्या वळणाला हात वळायच्या आधी मी आरशात बघितलं. मागे कुणी नव्हतं. तरी इंडिकेटर दिला, लांबूनच दिला.

गेटवर बबनकाकांनी माझी पिशवी तपासली, मग मुद्दाम माझ्या खांद्यावरून मागे वाकून बघितलं.

"काय ताई, आज एकट्याच? मागचे कुटं ऱ्हायले?"

"येतायत काका," मी म्हटलं. "उद्या. सातजण हायेत."